चकलांब्याहून वायूच्या गावाला

मार्च सरू लागला की चकलांब्याच्या शिवारात बोअरच्या गाड्या दिसू लागतात. गेवराई तालुक्यातले हे गाव गोदावरीपासून फार लांब नाही, तरी उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात आणि मग ज्याच्या गाठीला दोन पैसे असतील तो जमिनीत आणखी खोल जाऊ पाहतो. गाडी उभी राहिली की आसपासचे पाचसहा जण हातातले काम टाकून बांधावर येऊन बसतात. काँप्रेसर धडधडू लागतो, भोकातून फुफाटा उडतो आणि सगळ्यांची नजर त्या फुफाट्याच्या रंगावर खिळते. आधी काळी माती, मग पिवळसर मुरूम, मग काळा पाषाण. पाषाण लागला की आवाज बदलतो, रॉड सावकाश उतरू लागतो आणि बांधावरच्या गप्पा मंदावतात. मध्येच भोकाभोकांच्या मांजऱ्याची राखाडी भुकटी वर आली की चेहरे खुलतात, कारण पाणी लागले तर बहुधा त्याच थरात. कधी विटकरी माती उडते. त्याखाली पुन्हा काळा पाषाण.

हा रंगबदल म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या घडामोडींची रोजनिशी आहे. लाव्हाचा एक लोट आला, पसरला, थिजला. त्याचा गाभा घट्ट राहिला, तो काळा पाषाण. वरच्या भागात वाफेचे आणि वायूंचे बुडबुडे अडकले, तो मांजऱ्या. पुढचा लोट येईपर्यंत पृष्ठभाग ऊनपावसात कुजला, त्याची विटकरी माती झाली. असे लोटांवर लोट चढत गेले आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा मुलूख त्यांच्याखाली आहे. सह्याद्रीत त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पूर्वेकडे ती उतरत जाते.

मांजऱ्याच्या बुडबुड्यांतला वायू चुलीवर जळणारा नव्हता. जळणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो आणि त्याचे माहेर गाळाच्या खडकांत असते. समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी बसलेला, मेलेल्या जिवांनी आणि पाल्यापाचोळ्याने भरलेला चिखल खोल गाडला जायला हवा, त्याला लाखो वर्षे ऊब मिळायला हवी. सुटलेला वायू धरून ठेवायला सच्छिद्र वालुकाश्म हवा आणि तो निसटू नये म्हणून वर शेलचे घट्ट झाकण हवे. यातले एक जरी हुकले तरी बाकीचे सगळे असून उपयोग नाही. महाराष्ट्राच्या ओळखीचा वायू मुंबईच्या समुद्रातला: १९७४ साली ‘बॉम्बे हाय’ला तेल लागले, १९७६मध्ये वसईचे वायुक्षेत्र हाती आले. तिथे बऱ्याच ठिकाणी हाच काळा पाषाण गाळाच्या थरांचा तळ आहे. ड्रिलचे पाते त्याला टेकले की बहुतेक वेळा काम आटोपते.

मग चकलांब्यात पाषाणाच्या खाली काय असेल? बोअरवाल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण तो तिथवर कधी पोहोचतच नाही. मराठवाड्यात पाषाण आरपार भेदल्याचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल वेधविहीर घेतली गेली. पहिले ३३८ मीटर, म्हणजे अकराशे फुटांहून अधिक, नुसता बेसाल्ट. त्याखाली गाळाचा थर फक्त आठ मीटर, आणि लगेच अतिप्राचीन स्फटिकी खडक. आठ मीटर गाळात कसला वायू! पण किल्लारी म्हणजे अख्खे दख्खन नव्हे. उत्तरेला नर्मदा–तापीच्या पट्ट्यात लाव्हाखाली गाळाचे जाड थर दडल्याचे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांतून दिसले आहे. सरकारी वर्गवारीत देशाच्या २६ गाळखोऱ्यांपैकी एक ‘डेक्कन सिनेक्लाइज’ या नावाने याच पाषाणाखाली नोंदलेले आहे. वर्ग तिसरा, म्हणजे केवळ आशा.

ही आशा तपासणे कठीण जाते त्याला कारण पाषाणच. तेलकंपन्या जमिनीला हादरे देतात आणि खालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपतात. दख्खनात मात्र लाव्हाचा प्रत्येक लोट आपापला प्रतिध्वनी पाठवतो. हांड्यांच्या उतरंडीवर टकटक करून तळाच्या हांड्यात काय आहे ते ऐकण्यातला हा प्रकार. म्हणून गुरुत्वाकर्षणाचे सूक्ष्म फरक आणि जमिनीतून वाहणारे नैसर्गिक विद्युतप्रवाह मोजण्याचा आडमार्ग घ्यावा लागतो.

दुसरा आडमार्ग गोदावरीचा. चकलांब्याच्या पाषाणाखाली काय असू शकेल याची कल्पना ज्याला हवी असेल त्याने नदीसोबत खाली उतरत जावे. पार समुद्राला मिळेपर्यंत.

नदी भेटते ती राक्षसभुवनला. शनीच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ मोठी. १० ऑगस्ट १७६३ रोजी याच परिसरात माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला, हे घाटावरच्या फारच थोड्यांच्या गप्पांत येते. पावसाळ्यात इथले पाणी गढूळ काळपट असते. हा काळेपणा पाषाणाचाच. बेसाल्ट कुजून झालेली कापसाची काळी माती कणाकणाने पूर्वेकडे निघालेली असते. अर्थात आता सगळीच नाही. वरच्या अंगाला पैठणला १९७६पासून नाथसागर आहे. त्याची साठवण १०२ टीएमसी, आणि नदीच्या गाळातला मोठा वाटा त्या पाण्याबरोबर तिथेच बसतो. बीडकरांना धरण आठवते ते उजव्या कालव्याच्या पाळ्यांमुळे. गाळाचा हिशेब मात्र दुसऱ्याच टोकाला चुकता होतो. त्याची गाठ पुढे पडेल.

माजलगाव, परभणी, नांदेड. रस्ता काळ्या रानातून जातो, सपाट टेकड्या दूरवर बसलेल्या. नांदेड सोडून बिलोली–देगलूरकडे वळले की देखावा बदलतो. पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या संपतात आणि गोलमटोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसू लागतात. माती तांबूस होते. लाव्हाची चादर इथे विरते आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. वायूच्या शोधात ग्रॅनाइटजवळ थांबण्यासारखे काही नसते. बासरला सरस्वतीसमोर पोरांना पाटीवर धुळाक्षरे काढायला बसवणारी मराठी कुटुंबे पाहून पुढे निघावे.

रामगुंडमला जमीन पुन्हा बोलू लागते. गोदावरीखणी हे गावाचे नावच पुरेसे आहे. सिंगरेणीचा कोळसा पट्टा गोदावरीच्या खोऱ्यात वायव्येकडून आग्नेयेकडे पसरला आहे, कारण पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी, भारत गोंडवन खंडाचा तुकडा असताना, इथली जमीन एका लांबट फटीत खचत होती. त्या खचणाऱ्या दरीत नद्यांनी वाळू आणली, दलदलीत झाडे गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. आजची गोदावरी बरेच अंतर याच जुन्या दरीतून वाहते.

पण इथे थक्क करतो तो खताचा कारखाना. जुना कारखाना कोळशापासून युरिया करायचा. १९८०मध्ये सुरू झाला आणि १९९९मध्ये बंद पडला. त्याच जागी रामगुंडम फर्टिलायझर्सचा नवा कारखाना २०२१मध्ये सुरू झाला, आणि तो चालतो वायूवर. वर्षाला १२.७ लाख टन युरियाची त्याची क्षमता आहे. वायू येतो काकिनाड्याजवळच्या मल्लवरमहून निघालेल्या नळातून, म्हणजे नदीच्या उलट दिशेने. हवेतला नायट्रोजन आणि मिथेनमधून काढलेला हायड्रोजन यांचा अमोनिया होतो, अमोनियाचा युरिया. पायाखाली कोळसा असलेल्या गावाने शेकडो किलोमीटरवरून वायू मागवावा, यात हिशेब आहे: कोळशापासून हायड्रोजन काढणे खर्चिक, मळकट आणि यंत्रांना जाच देणारे. इथला माल महाराष्ट्रातही विकला जातो. मराठवाड्यातल्या कपाशीला पडणाऱ्या युरियाच्या एखाद्या मुठीत आंध्राच्या किनाऱ्याचा वायू असू शकतो.

काळेश्वरमचा पूल ओलांडला की प्रवासी पुन्हा महाराष्ट्रात, सिरोंचात शिरतो. दुकानात तेलुगू, कचेरीत मराठी, बाजारच्या दिवशी गोंडी. प्राणहिता इथे गोदावरीला मिळते आणि नदीचा आवाका एकदम वाढतो. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला जीवाश्म उद्यान आहे. दगड झालेले प्रचंड ओंडके तिथे जागच्या जागी पडलेले दिसतात. प्राणहितेच्या काठावर कोटा नावाचे खेडे आहे. तिथल्या चुनखडकातले खवलेदार मासे नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांपर्यंत पोहोचले. नंतर या खोऱ्यात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या चमूने एका अजस्र शाकाहारी डायनासोरची हाडे खणून काढली. शोध रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमाराचा, म्हणून त्याच्या नावात टागोर आले: बारापासॉरस टागोराय. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कसा, असे कोणीही विचारील. संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांना कुतूहलाचे वावडे नव्हते, एवढेच त्याचे उत्तर.

तेलशोधकाला या सगळ्यात रस असतो तो वेगळ्या कारणाने. सिरोंचाच्या आसपास उघड्यावर दिसणारे हे वालुकाश्म, शेल आणि चुनखडकाचे थर म्हणजे गाडलेल्या पुस्तकाची वर आलेली पाने आहेत. प्राणहिता–गोदावरी खोरे सरकारी यादीत अजून तिसऱ्या वर्गातच आहे. हेच गोंडवन थर आग्नेयेला त्रिभुज प्रदेशाखाली जातात आणि तिथे, काही किलोमीटर खोलीत, त्यांचे नशीब पालटते.

भद्राचलम मागे टाकून नदी पापिकोंडलूच्या घळीत शिरते. पूर्व घाटाचे जुने, तापून वितळून घट्ट झालेले खडक दोन्ही बाजूंनी इतके जवळ येतात की गोदावरी क्षणभर कोकणातली वाटावी. मग पोलावरम, आणि एकदम मोकळे, रुंद पात्र.

राजमहेंद्रीत या वाटेवरचे सगळ्यांत मोठे आश्चर्य आहे आणि तिथे कोणी पर्यटक जात नाही. शहराला लागून कातेरू आणि नदीपलीकडे पंगिडी, दुद्दुकुरू इथे खडीच्या खाणी आहेत. धूळ, ट्रक, क्रशरचा कर्कश खडखडाट. खाणीची उभी भिंत पाहिली की गेवराईचा माणूस थबकेल, कारण तो काळा पाषाण त्याच्या ओळखीचा आहे. आणि ही ओळख वरवरची नाही. स्टीफन सेल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये या दगडाची रासायनिक ठेवण दख्खनच्या लाव्हाशी ताडून पाहिली. ती जुळली सह्याद्रीतल्या आंबेनळी आणि महाबळेश्वर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या लाव्हा-गटांशी. म्हणजे पश्चिमेला उसळलेला लाव्हा त्या काळच्या नद्यांच्या दऱ्यांतून वाहत सुमारे हजार किलोमीटर आला आणि पूर्व समुद्राच्या काठाशी थिजला. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्याची गणना व्हावी, असे त्यांचे म्हणणे. खालच्या आणि वरच्या लाव्हाच्या मध्ये इथे चुनखडीचा थर सापडतो आणि त्यात शिंपले असतात. चकलांब्याच्या बोअरमध्ये दोन पाषाणांच्या मध्ये विटकरी माती लागते. इथे मध्ये समुद्र लागतो.

आता खरी गंमत. हाच पाषाण राजमहेंद्रीच्या दक्षिणेला त्रिभुज प्रदेशाच्या पोटात बुडी मारतो. ओएनजीसीचे भूवैज्ञानिक त्याला ‘राझोल फॉर्मेशन’ म्हणतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस नरसापूरजवळच्या विहिरीत वायूचा सुगावा लागला आणि मग कोनसीमेत एकामागून एक विहिरी पडत गेल्या. इथे पाते पाषाणाला टेकून थांबले नाही, त्याला भेदून खाली गेले. लाव्हाखाली क्रिटेशियस काळातला राघवपुरम शेल आहे. वायू तयार करणारा तो महत्त्वाचा खडक. त्याच्याही खाली मंडपेट्याचा वालुकाश्म आणि कोम्मुगुडेमचे कोळसायुक्त थर, म्हणजे सिंगरेणी–सिरोंचाची गोंडवन मंडळी. मंडपेट्याच्या क्षेत्रात वायू आहे तो या जुन्या वालुकाश्मात. दख्खनच्या लाव्हाखाली वायू असूच शकत नाही, असे निदान म्हणता येत नाही. एका टोकाला तो सापडला आहे. मात्र त्यासाठी पाषाणाखाली खचलेली दरी लागते आणि तीत किलोमीटरभर गाळ. किल्लारीचे आठ मीटर इथे आठवतात.

या विहिरींनी तेलाखेरीज आणखी एका वादात साक्ष दिली. गर्टा केलर या भूवैज्ञानिक बाईंनी ओएनजीसीच्या इथल्या विहिरींतल्या नमुन्यांत, लाव्हांच्या मधल्या गाळात, सूक्ष्म सागरी जिवांचे सांगाडे तपासले. २०११मध्ये त्यांनी मांडले की डायनासोरांच्या युगाचा शेवट करणारा विनाश या महाप्रवाहांच्या काळातच घडत होता. लघुग्रह की दख्खनचे ज्वालामुखी, हा वाद त्यामुळे मिटला नाही, पण त्यातला एक भक्कम पुरावा निघाला तो वायूसाठी घेतलेल्या भोकातून.

धवळेश्वरमला आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८५२मध्ये पुरे झालेल्या बंधाऱ्याचा वारसा आहे. कॉटन साहेबांचे पुतळे इथे गावोगाव आढळतात आणि लोक त्यांना मनापासून हार घालतात. परक्या इंजिनिअरवर एवढी माया महाराष्ट्रात क्वचित दिसेल. बंधाऱ्याखाली नदीचे फाटे होतात, आणि गौतमी व वसिष्ठा या दोन फाट्यांमधली हिरवीगार भूमी ती कोनसीमा. नारळ, केळी, भात, कालवे. आणि नारळीच्या बागेत मध्येच जाळीचे कुंपण, आत खडी पसरलेली, मधोमध छातीएवढ्या उंचीचा झडपांचा लोखंडी जुडगा, ज्याला तेलवाले ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. आवाज नाही, धूर नाही. शेजारी म्हैस बांधलेली. एवढीशी वस्तू काही किलोमीटर खोलीतला दाब रोखून बसली आहे, हे पाहणाऱ्याला पटत नाही.

गावकऱ्यांना ते चांगलेच पटलेले आहे. ८ जानेवारी १९९५ रोजी पासर्लपूडीची १९ क्रमांकाची विहीर फुटली आणि पेटली. आग ६५ दिवस जळत होती. परदेशी तज्ज्ञ बोलवावे लागले, आसपासच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. २७ जून २०१४च्या पहाटे नगरम गावात वायूच्या गळक्या नळाने पेट घेतला आणि वीसहून अधिक माणसे गेली. नळातून ओला वायू वाहिला की पाणी तळाशी साचते आणि आतून पत्रा खाते; हे दुखणे पुस्तकात जुने आहे. कोनसीमेतला माणूस वायूविषयी बोलतो तेव्हा नोकऱ्या, रस्ते आणि भरपाई यांच्या आधी या दोन तारखा येतात.

तिसरी तक्रार जमीन खचण्याची. समुद्र आत येतो आहे, शेते खारी होताहेत. वायूच्या उपशाचा त्यात वाटा किती, यावर भांडण आहे. दुसऱ्या कारणावर फारसे नाही. ताजा गाळ आपल्याच वजनाने दबत जातो. वरून नवा गाळ येत राहिला तरच त्रिभुज प्रदेश पाण्याच्या वर राहतो. आंध्र विद्यापीठातल्या संशोधकांच्या हिशेबाने १९७०च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ आणत होती. १९९०च्या दशकात तो सहा कोटींच्या खाली आला. गाळ अडला धरणांत. त्यांच्या रांगेत पहिल्या काहींमध्ये पैठणचा नंबर लागतो. बीडच्या उसाला मिळालेल्या पाण्याची किंमत इथला कोळी किनाऱ्याच्या रूपात मोजतो, आणि दोघांनाही एकमेकांचे नाव ठाऊक नाही.

किनाऱ्यापुढचा समुद्र हा पुढचा अंक. खोल पाण्यात, गोदावरीने पन्नास-एक लाख वर्षांपूर्वीपासून ओतलेल्या वाळूच्या जुन्या चरांत, २००२मध्ये रिलायन्सला केजी-डी६चा वायू लागला. तो खोल शिजलेला नव्हता. थंड चिखलात जिवाणूंनी बनवलेला, तुलनेने तरुण वायू होता. एप्रिल २००९मध्ये उत्पादन सुरू झाले, पुढच्या वर्षी रोज सहा कोटी घनमीटरच्या पुढे गेले, आणि आठ कोटींचा बेत गाठण्याआधीच उतरणीला लागले. दाब घसरला, विहिरींत पाणी आणि वाळू शिरली. मूळची दोन क्षेत्रे फेब्रुवारी २०२०मध्ये बंद झाली. नंतर शेजारची तीन क्षेत्रे जोडून रोजचे उत्पादन तीन कोटींच्या आसपास आणले गेले. जानेवारी २०२४मध्ये ओएनजीसीनेही इथल्या खोल पाण्यातून पहिले तेल काढले. नदीच्या वाळूचे चर नकाशावर दिसतात तसे सलग नसतात, हा धडा फार महागात शिकला गेला.

समुद्रतळाच्या चिखलात वायू आणखी एका रूपात आहे: दाब आणि थंडीमुळे बर्फात कोंडलेला मिथेन, म्हणजे गॅस हायड्रेट. २००६मध्ये ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने त्यासाठी इथे वेध घेतले आणि एका जागी सुमारे १३० मीटर जाडीच्या चिकणमातीच्या भेगांत हायड्रेट भरलेला सापडला. गोदावरीच्या मुखासमोरच्या दुसऱ्या वेधातून काढलेल्या गाळाच्या गाभ्याने मात्र वायूऐवजी मराठवाडाच वर आणला. वुड्स होल संस्थेचे लिव्हिउ जोसान आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये त्याचा अभ्यास छापला. दख्खनच्या बेसाल्टमधल्या निओडिमियमची खूण पूर्वेकडच्या प्राचीन खडकांपेक्षा वेगळी असते, त्यावरून कोणती माती कुठली ते ओळखता येते. हवामान कोरडे होत गेले तशी गाभ्यात दख्खनची माती वाढत गेलेली दिसली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून हा बदल ठळक होतो. त्याच काळात प्रवरेकाठी दायमाबादला, पुढे नेवासे आणि जोर्वे इथे शेती करणाऱ्या वस्त्या होत्या. गेल्या दोन हजार वर्षांत तर गाळाचा ओघ तिपटीवर गेला. रान तोडले, जमीन नांगरली, पावसाने ती धुऊन नेली, असा संशोधकांचा निष्कर्ष.

हायड्रेटच्या आघाडीवर काम सावकाश चालले आहे. २०१५च्या दुसऱ्या मोहिमेत ‘चिक्यू’ या जपानी जहाजाने वाळूच्या थरांतला हायड्रेट शोधला, कारण वाळूतून वायू सोडवण्याची निदान पद्धत माहीत आहे: दाब उतरवायचा, बर्फ वितळवायचा. जपानने २०१३मध्ये आपल्या किनाऱ्याजवळ ती करून पाहिली, तेव्हा विहिरीत वाळू शिरून सहा दिवसांत चाचणी थांबवावी लागली. चिकणमातीतला हायड्रेट त्याहून अवघड; तिच्यातून वायूला वाट फुटत नाही, आणि तो १३० मीटरचा थर त्यामुळे नकाशावरच आहे.